त्या फोटोला तुम्ही भरपूर लाइक दिले होते



पवन मावळ, ९ जानेवारी. सकाळी सव्वासात वाजता पॉलिहाऊसच्या दारात उभा होतो तेव्हा धरणाकडून आलेलं धुकं शिवारातच बसून होतं. तिकोना दिसत नव्हता. हात खिशातून काढवत नव्हते. लिहायला घेतलं ते तिथेच, पण कामं निघाली आणि पूर्ण करतोय रात्री जेवण झाल्यावर.

पेजवर नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. आपलं २० गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, आत लाल गुलाब, व्हरायटी टॉप सिक्रेट. १४ डिसेंबरला व्हॅलेंटाइनच्या मालासाठी कट मारला. आज २६ वा दिवस. कळी कुठे ज्वारीएवढी आहे, कुठे हरभऱ्याएवढी. सगळं नीट गेलं तर २८ जानेवारीच्या आसपास तोडा सुरू होईल. नीट गेलं तर.

बऱ्याच जणांनी विचारलंय की पानांचे, काट्यांचे, पाकळ्यांचे एवढे जवळचे फोटो कसे काढता, कॅमेरा कोणता, कुठला ॲप वापरता. सांगतो. लपवण्यासारखं काही नाही. पण खरं सांगायचं तर त्याआधी गेल्या हिवाळ्यातल्या एका फोटोबद्दल बोलावं लागेल. वर्षभर टाळलं. आज टाळत नाही.

आधी सुरुवात कशी झाली ते. पोरगी पुण्यात अप्लाइड आर्टला आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आली ती कॉलेजचं काम घेऊनच. वेगवेगळ्या टेक्श्चरचे वीस फोटो काढून न्यायचे होते. मी विचारलं, टेक्श्चर म्हणजे नक्की काय गं? म्हणाली, "बाबा, पोत. तुम्ही जमिनीचा पोत म्हणता ना, तोच."

आता पोत हा शब्द आपल्या तोंडी रोजचा. जमिनीचा पोत सुधारायला शेणखत टाका म्हणतो. साडी घेताना बायका कापडाचा पोत बोटांनी बघतात. पण पानाला पोत असतो, हे मी कधी शब्दात आणलं नव्हतं. हाताला माहीत होतं, डोक्याला नव्हतं. तिच्याबरोबर दोन दिवस आत फिरलो आणि रोज बघितलेल्या गोष्टी पहिल्यांदा बघतोय असं वाटलं.

गुलाबाचं कोवळं पान तांबूस असतं, तेलाचा हात फिरवल्यासारखं चकाकतं. त्याच फांदीवर खाली, महिन्याभराचं पान गडद हिरवं आणि जाड. उलटं केलं की फिकट, आणि शिरा अशा वर आलेल्या की बोट फिरवलं तर मोजता येतील. काटा घ्या. बाभळीचा काटा ओढून निघत नाही, लाकडातच रुतलेला असतो. गुलाबाचा काटा सालीवर उगवतो. अंगठ्याने बाजूला दाबला की टक्कन निघतो आणि खाली गुळगुळीत, अंडाकृती खूण राहते. ती खूण भिंगातून बघा एकदा, नवजात बाळाच्या नखासारखी दिसते.

आणि पाकळी. आपण मखमल म्हणतो ते उगाच नाही. पाकळीच्या वरच्या थरावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात, शेजारी शेजारी, शंकूसारखे. उजेड त्यांच्यात अडकतो म्हणून रंग खोल दिसतो. घरी करून बघा: पाकळीवर पाण्याचा लहानसा थेंब ठेवा आणि पाकळी हळूच उलटी करा. थेंब गोल राहतो, पण पडत नाही, चिकटून लटकतो. आत्तापर्यंत लाखभर फुलं तोडली असतील मी, हे कधी बघितलं नव्हतं.

पोरगी वीस फोटो घेऊन गेली. मला मात्र नाद लागला. बाजारात फोनला चिमट्याने लावायचं भिंग मिळतं, पाचशेच्या आत. ते घेतलं आणि रोज सकाळी आत गेलो की दोन-चार फोटो काढायचे आणि चांगला वाटेल तो इथे टाकायचा, असं सुरू झालं. तुम्हाला आवडले. मलाही लाइक आवडतात, खोटं कशाला बोलू.

आता तो फोटो.

गेल्या वर्षी २८ डिसेंबरची सकाळ. कट मारून चौदा दिवस झालेले. नवा फुटवा वीतभर, सगळा तांबडा. बाहेर पारा दहाच्या खाली असावा. साइडचे पडदे मी बंदच ठेवले होते. थंडीत कळी थांबते, तारीख चुकते, आणि व्हॅलेंटाइनला तारीख चुकली की त्या फुलाचं मोल जातं, ही भीती आपल्या सगळ्यांनाच असते. पडदे साडेनऊ-दहापर्यंत उघडायचे नाहीत, आतली ऊब धरून ठेवायची, असा माझा हिशोब.

आठ नंबरच्या बेडवर एक फुटवा दिसला. प्रत्येक पानाच्या कडेला जे करवतीसारखे दात असतात, त्या एकेका दाताच्या टोकावर एकेक थेंब. सगळे एका मापाचे, ओळीत. तांबडं पान आणि कडेने मोत्यांची माळ. मी वाकलो, श्वास रोखला, आठ-दहा फोटो काढले. त्यातला एक लगेच टाकला. वर लिहिलं होतं, "सकाळचं दव, पानाने घातलेले दागिने." आठवत असेल काहींना. या पेजवर तोपर्यंतच्या कुठल्याच फोटोला तेवढे लाइक आले नव्हते. कुणी मोबाइलच्या वॉलपेपरला लावला, कुणी स्टेटसला ठेवला. चार दिवस मी हवेत होतो.

७ जानेवारीला सकाळी मावशी डिसबडिंग करत होत्या. आपल्याकडे पाच बायका कामाला आहेत, त्यात मावशी सगळ्यात जुन्या, पॉलिहाऊस उभं राहिलं तेव्हापासूनच्या. मी शेजारच्या गल्लीत होतो. त्यांनी हाक मारली.

"दादा, हिकडं या जरा. पानं हात लागायच्या आधीच गळत्यात."

गेलो. बेडवर, गल्लीत, पानं पडलेली. पिवळी नाहीत, वाळलेली नाहीत, चांगली ओली हिरवी पानं. मावशींनी फांदीला नुसता धक्का दिला तर आणखी तीन पडली. उचलून बघितली. वरच्या बाजूला जांभळट-तपकिरी डाग, वेडेवाकडे, शिरांमध्ये अडकल्यासारखे कोनेरी. मी आधी म्हटलं, हे औषधाने भाजलेलं असणार, दोन दिवसांपूर्वी फवारणी झाली होती. तसे डाग दिसतातही. पण पान उलटं करून भिंगाखाली धरलं तर डागाच्या मागे राखेसारखी बारीक, विरळ लव होती. डाऊनी.

ज्यांच्याकडे गुलाब आहे त्यांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. द्राक्षवाल्यांनाही नको, त्यांचा केवडा याच्याच भाऊबंदकीतला. बाकीच्यांसाठी: भुरी दिसते पिठासारखी, पान पांढरं पडतं, आपण वेळेत पकडतो. डाऊनी गपचूप येते. थंड आणि दमट हवा, पानावर काही तास टिकलेली ओल, एवढं तिला पुरतं. आणि आपल्याला कळतं तेव्हा पानं खाली पडलेली असतात.

मी मावशींवर ओरडलो. सगळ्या बायकांसमोर. "मावशी, रोज हात फिरतो तुमचा या बेडवरून. डाग आधी दिसला नाही? आणि दिसला तर सांगितलं का नाही?"

त्या काही वर बोलल्या नाहीत. हातातली पानं घमेल्यात टाकली आणि म्हणाल्या, "तीन-चार दिवस झालं, दिसत हुता. पन तुमी रोज हितंच वाकून फोटू काढत हुता. म्हनलं, बघितलं आसंल तुमी."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री झोप आली नाही. फोन घेतला आणि २८ डिसेंबरचे फोटो उघडले. तुम्हाला दाखवलेला तोच फोटो. मधलं पान, थेंबांची माळ, सगळं झकास. मग बोटांनी मोठा करत करत कडेला गेलो. खाली उजव्या कोपऱ्यात एक दुसरं पान अर्धवट आलं होतं, थोडं धूसर. त्यावर जांभळट डाग होता. एक नाही, दोन.

म्हणजे दहा दिवस आधी तो रोग माझ्या फोनमध्ये होता. मी स्वतः काढला होता. शेकडो लोकांनी बघितला होता. आणि त्या दहा दिवसांत तो आठ नंबरवरून पाच, सहा, नऊ, दहा असा पसरला.

गोष्ट तिथेच संपली नाही. दुसऱ्या दिवशी तळेगावच्या बाजूला गुलाब करणाऱ्या एका मित्राला फोटो पाठवला, डाग दाखवायला. तो माझ्यापेक्षा दहा वर्षं जास्त या धंद्यात. त्याचा फोन आला. म्हणाला, डाग राहू दे, तू वर काय लिहिलंयस? दव? अरे, हे दव नाही.

मग त्याने समजावलं. दव पानावर कसंही पडतं, लहान-मोठे थेंब, सगळ्या अंगावर. दाताच्या टोकावर एकसारखे ओळीत थेंब येतात ते बाहेरून पडलेले नसतात, झाडाने आतून बाहेर ढकललेले असतात. रात्री मुळाशी भरपूर पाणी असतं, मुळं ते वर रेटतात, आणि हवा इतकी ओली असते की पानातून वाफ होऊन जायला जागाच नाही. मग ते पाणी पानाच्या कडेच्या बारीक छिद्रांतून थेंब होऊन येतं. टोमॅटो, स्ट्रॉबेरी करणाऱ्यांनी पहाटे हे बघितलं असेल. तो म्हणाला, "हा फोटो सांगतोय की तू ड्रिप संध्याकाळी सोडतोस आणि पडदे बंद ठेवतोस. सोडतोस का?"

सोडत होतो. दिवसा लाइटचा घोळ, म्हणून संध्याकाळी पाच-सहाला ड्रिप. बेड रात्रभर ओले. आणि वरून पेपर.

पेपरचं पण सांगतो, कारण हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि मी विसरलो होतो. आकाश निरभ्र असलं की रात्री पॉलिहाऊसचा पेपर झपाट्याने गार पडतो. आतली ओली हवा त्याला लागली की पाणी जमतं, जसं थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून जमतं तसं. नव्या पेपरमध्ये असा घटक असतो की पाणी थेंब न होता पातळ थर होऊन कडेला वाहून जातं. काही वर्षांत तो गुण संपतो. माझा पेपर चौथ्या वर्षात होता. पहाटे पाइपांखाली आणि गटरखाली टपटप सुरू असायची. माझा आठ नंबरचा बेड बरोबर गटरच्या रेषेत येतो. पाणी वरून टपकतंय, बेड खालून ओला, पडदे बंद, हवा कोंडलेली. रात्री एकदोनपासून सकाळी दहापर्यंत पानं ओलीच. डाऊनीला मी पाटरांगोळी करून जेवायला बसवलं होतं.

म्हणजे ज्या फोटोला आपण सगळ्यांनी दागिना म्हटलं, तो आजाराचा रिपोर्ट होता. कारणही त्यात होतं आणि सुरुवातही.

पुढचं थोडक्यात. डागाळलेली पानं वेचून पिशवीत भरून बाहेर जाळली, पडदे उघडले, पाण्याची वेळ बदलली, फवारण्या केल्या. रोग थांबला, पण उशिरा. पानं गळालेल्या फांद्यांना लांबी आली नाही. ५० आणि ६० सेंटिमीटरची अपेक्षा होती तिथे ४० भरेना. वरच्या पानांवर डाग, म्हणून निर्यातीचा माल निम्म्याहून जास्त नाकारला गेला, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. डागाचा माल कोण घेईल? तो गुलटेकडीला गेला, मिळेल त्या भावाने. पोरीची फी दोन हप्त्यांत भरली. पेपर बदलायचा होता, तो पुढे गेला. तो या पावसाळ्याआधी, उसनवारी करून बदलला.

आप्पांना हे सगळं सांगितलं. आप्पांचे गुडघे गेलेत, आता आत येत नाहीत, ओट्यावर बसून असतात. त्यांच्या हातात फोन दिला, फोटो दाखवला. लांब धरून बघितला आणि म्हणाले, "पान झ्याक हाय. पन अरं, पान बघायचं म्हंजी आधी उलटं करायचं. सुलटं पान पावन्यासाठी, उलटं आपल्यासाठी."

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. फोटो कसे काढतो? गेल्या वर्षापर्यंत जसे काढायचो तसे आता काढत नाही. या हिवाळ्यात जसे काढतो ते लिहितो, कुणाला उपयोग झाला तर बघा.

पहिलं, उजेड. पोत दिसायला उजेड बाजूने यावा लागतो. नांगरलेलं रान भर दुपारी सपाट दिसतं आणि तेच सकाळी आठला ढेकूळ न् ढेकूळ वेगळं दिसतं, तसंच पानाचं आहे. पॉलिहाऊसचा पेपर उजेड सगळीकडे पसरवतो. पिकाला ते बरं, खालच्या पानापर्यंत उजेड जातो. पण फोटोला सावली मिळत नाही, पान कागदासारखं सपाट येतं. म्हणून मी पूर्वेचा पडदा वर करायला लागलो. या दिवसांत आमच्याकडे सूर्य सातच्या पुढे उगवतो. आठच्या सुमारास ऊन नेटमधून तिरपं आत येतं आणि पानाची शीर न् शीर उभी राहते.

यातली गंमत तुमच्या लक्षात आली असेल. फोटोसाठी पडदा वर केला की हवा खेळते, पानं लवकर सुकतात. पिकालाही तेच हवं होतं. आता साडेसातला पडदा फूटभर वर, मग अर्ध्या तासाने आणखी. एकदम उघडत नाही, थंड वारा कोवळ्या शेंड्याला सोसत नाही. वरचं व्हेंट रात्रीही थोडं उघडं ठेवतो. ऊब थोडी जाते, मान्य. कळी दोन दिवस मागे राहील. चालेल. ड्रिप सकाळी, अकराच्या आत बंद.

दुसरं, काच. बाहेर गार झालेला फोन साडेआठनंतर आत नेला की भिंगावर लगेच धुरकट येतं. पाच मिनिटं शर्टाच्या खिशात, अंगाला लागून ठेवायचा, मग काढायचा. पुसायला सुती कापड.

तिसरं, स्थिर पान. वारा असेल तर वेल बांधायच्या प्लास्टिकच्या क्लिपने फांदी दोरीला अडकवतो. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस तिथेच लॉक होतो. मागे पांढरा कागद धरतो. औषधाच्या डब्याबरोबर जी माहितीपत्रिका येते तिची कोरी बाजू चालते. आधी ती वाचायची मात्र.

चौथं, आणि हे महत्त्वाचं. आता चांगलं पान शोधत नाही. जागा ठरवल्यात, आठ. दोन गटरखाली, दोन पाइपाखाली, एक दारापाशी, दोन उत्तरेच्या कोपऱ्यात जिथे ऊन उशिरा येतं, आणि एक मधोमध. प्रत्येक जागी त्याच झाडाचं, शेंड्यापासून तिसरं पाच पानी पान. एक फोटो वरून, एक उलटं करून. शेजारी आगकाडी धरतो, म्हणजे डाग वाढला का ते मापात कळतं. रात्री आठवड्यापूर्वीचा फोटो आणि आजचा, शेजारी शेजारी लावून बघतो. दहा मिनिटांचं काम. आणि बघताना सुरुवात कोपऱ्यापासून करतो.

पोरीला हे सांगितलं तर तिने कार्ल ब्लॉसफेल्ट या माणसाचे फोटो दाखवले. जर्मन माणूस, बर्लिनमध्ये कलाशाळेत शिकवायचा. व्यवसायाने फोटोग्राफर नव्हता. विद्यार्थ्यांना झाडांचे आकार नीट बघता यावेत म्हणून कोंब, देठ, बिया, पानं कितीतरी पटींनी मोठी करून फोटो काढायचा. वर्षानुवर्षं हेच केलं. त्या फोटोंचं पुस्तक आलं ते १९२८ साली, तेव्हा तो साठीच्या पुढे होता. मागे साधी पार्श्वभूमी, समोर एकच देठ. नेच्याचा गुंडाळलेला कोंब बघितला तर देवळाच्या खांबावरचं कोरीवकाम वाटतं. मला आवडलं ते हे की त्याने ते फोटो शिकवायला काढले होते. बघायला शिकवायला.

आणि पाचवं. फोटो आता आधी मावशी बघतात.

ते कसं सुरू झालं ते सांगतो. गेल्या वर्षी ओरडलो त्याची माफी मी मागितली, पण एकट्यात, गोठ्याजवळ, घाईघाईत. ओरडलो होतो पाच जणींसमोर. मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या दादा." पण त्यानंतर महिनाभर त्या मला काही दिसलं तर सांगायच्याच नाहीत, आधी माझ्याकडे बघायच्या. माझा मूड काय आहे ते. माझ्या शेतात कुणाला रोग दिसला आणि तो माझ्या तोंडाच्या भीतीने सांगितला गेला नाही, तर तो रोग माझाच. हे समजायला मला उन्हाळा उजाडला.

म्हणून या डिसेंबरपासून दहाच्या चहाला फोन बायकांमध्ये फिरतो. सुरुवातीला लाजल्या. आता भांडतात. ही म्हणते भुरी, ती म्हणते औषधाचा डाग. परवा एकीने फोटोतल्या पानाच्या मागचा लाल कोळी ओळखला, मला तो धुळीचा कण वाटला होता. फोटोत जे कळत नाही ते मावशी उठून प्रत्यक्ष पानाला हात लावून सांगतात. फोटोला हाताची बरोबरी नाही. फांदीला धक्का दिल्यावर पान गळतं का, हे कुठलं भिंग सांगणार?

आज सकाळचीच गोष्ट. आठ नंबरच्या बेडवर, त्याच गटरखाली, पानाच्या मागच्या फोटोत करडं काहीतरी दिसलं. माझ्या पोटात गोळा आला. चहा सोडून फोन मावशींपुढे धरला. त्यांनी बघितला, कप खाली ठेवला, तडक बेडवर गेल्या. मी मागोमाग. पान उलटं केलं, अंगठा फिरवला, अंगठ्याकडे बघितलं.

"माती हाय दादा. काल गल्ली झाडली न्हवं का."

मग फांदी हलवली. एक पान पडलं नाही.

मी खाली बसलो तिथेच. मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "काडा आता फोटू."

काढला. मातीचा डाग असलेलं पान, मागून, शेजारी आगकाडी. खाली लावलाय. दिसायला काही खास नाही.

गेल्या वर्षीचा तो थेंबांचा फोटो मी काढून टाकलेला नाही. राहू दे. फक्त त्याच्याखाली आज लिहिलंय की हे दव नाही, आणि खालचा उजवा कोपरा मोठा करून बघा. ज्यांच्या मोबाइलला वॉलपेपर असेल त्यांनीही बघा.

अजून वीस दिवस आहेत. धुक्याचे दिवस आहेत. माल कसा निघाला ते फेब्रुवारीत लिहीनच, चांगला निघो की वाईट. तोपर्यंत या पेजवरच्या कुठल्याही फोटोत काही वावगं दिसलं तर लगेच सांगा. मी बघितलंच असेल असं समजू नका.

रामराम.